बिनआवाजाची सकाळ

आमच्या इमारतीत सकाळ आधी ऐकू येते आणि मग दिसते. रोडपालीच्या या जुन्या सोसायटीच्या भिंती इतक्या पातळ आहेत की आज कुणाकडे उपमा आहे आणि कुणाकडे धपाटा, हे चहा उकळेपर्यंत कळतं. मिक्सर, कुकर, "दुसरा मोजा कुठाय", "दूध संपव नाहीतर बघ", आणि मग कुणीतरी भोकाड पसरतं. या वाद्यवृंदात आमच्या घराचा नंबर बराच वरचा होता. मी बेलापूरला बँकेत, नवरा तळोज्याला कारखान्यात आणि लेक रेवा बालवाडीत. आम्ही तिघंही रोज सकाळी एकमेकांवर रुसूनच घराबाहेर पडायचो.

समोरच्या दारातून मात्र काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. नाखवा कुटुंब तिथे राहायला आलं तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, सुखी माणसं दिसताहेत, उशिरा उठत असणार. मग एकदा दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर बाहेर अजून उजाडलंही नव्हतं, आणि समोर किशोर नाखवा उकिडवे बसून आपल्या दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते. मी काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"करकरायला लागलंय," ते कुजबुजले. "जुई उठेल."

ही आमची पहिली ओळख. पुढे ते माझे किशोरभाऊ झाले आणि मी त्यांची वहिनी, पण आजही त्यांची आठवण आली की आधी ते ओठावरचं बोट दिसतं.

खरं तर माणूस मुळीच हळू नव्हता. मूळचे करंज्याचे, कोळीवाड्यातले. अंगानं धिप्पाड, आवाज खणखणीत. संध्याकाळी ते गच्चीवर कुणाशी हसले की खालचा वॉचमन दचकून वर बघायचा. उरण रोडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. दिवसभर ट्रेलर, क्रेन आणि भोंगे. ड्रायव्हरांशी ओरडून बोलायची इतकी सवय की फोनवर त्यांना मुळात फोनची गरज नाही, असं माझा नवरा म्हणायचा. पण हाच माणूस पहाटेपासून त्याची लहानगी लेक, जुई, उठेपर्यंत घरात मांजराच्या पावलांनी वावरायचा. त्यांच्या घरात सकाळी कुकर लागत नसे, कारण शिट्टी. डाळ रात्रीच शिजवलेली. पोळपाटाखाली जुना टॉवेल दुमडून ठेवलेला. चमचा ओट्यावर टाकायचा नाही, फडक्यावर ठेवायचा. दारावरची बेल रात्रीच बंद. दूधवाल्यासाठी कडीला कापडी पिशवी अडकवलेली. आणि आमच्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा, जो लावताना सगळ्या माळ्यांना कळतं, तो किशोरभाऊ दोन्ही हातांनी धरून इतका सावकाश लावायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी आजारी माणूस झोपलंय.

"सकाळ गडबडली की पोर दिवसभर किरकिर करतं," ते म्हणायचे. "सकाळी घर कसं पाण्यावर तरंगल्यासारखं पाहिजे."

कचऱ्याच्या घंटागाडीचा किस्सा तर आख्ख्या सोसायटीला पाठ आहे. ती गाडी भल्या सकाळी यायची, भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लावून. इतरांना त्या गाण्याचा वैताग होता, किशोरभाऊंना ते संकट वाटायचं. एक दिवस ते खाली जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले, त्याला चहा पाजला आणि लेक लहान असल्याचं सांगून आमच्या गल्लीपुरतं गाणं बंद करायला लावलं. झालं काय, की गाडी येऊन जायची आणि कुणालाच कळायचं नाही. जिन्यात कचऱ्याचे डबे साचले. बायका चिडल्या, सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. किशोरभाऊंनी सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या विंगचे सगळे डबे स्वतः खाली नेऊ लागले. दोन्ही हातांत डबे, पायात चप्पल नाही, कारण चप्पल वाजते. कुणी काही बोललं नाही मग. कचरा आपोआप जातोय म्हटल्यावर कोण कशाला बोलेल.

त्यांची बायको शर्मिला मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. पहिल्या पाळीसाठी तिला पहाटेच निघावं लागे. हायवेवर स्टाफची बस यायची. बारीक चणीची, सावळी, बोलताना दुसऱ्याचं मनगट धरायची तिला सवय होती. मी गमतीनं म्हणायचे, माझी नाडी बघतेस की गप्पा मारतेस. तिचं माझं चांगलं जमलं. संध्याकाळी जुई आणि रेवा आमच्या हॉलमध्ये खेळायच्या आणि आम्ही दोघी भाजी निवडत बसायचो.

तिनंच मला ते उशीचं सांगितलं. माझ्या घरच्या आरडाओरड्याचं रडगाणं मी तिच्यापुढे गात होते. म्हटलं, तुझी पोरगी आई दिसली नाही म्हणून रडत कशी नाही? ती हसली.

"अगं, मी उठते आणि उशीला झोपवते," ती म्हणाली.

रात्रभर अंगात घातलेला गाऊन ती पहाटे काढायची आणि एका लांब उशीला चढवायची. ती उशी आपल्या जागी ठेवून जुईचा हात तिच्यावर टाकायची. पोरगी वासावर झोपायची. उशीच्या पोटात तोंड खुपसून चांगलं उजाडेपर्यंत झोपायची. उठल्यावर बाबा, दूध, गणवेश, व्हॅन. आई गेलेली असतेच, त्यात रडायचं काय? किशोरभाऊंची युक्ती होती ही आणि त्यांना तिचा फार अभिमान होता. एका रविवारी ते आमच्याकडे येऊन मला शिकवूनही गेले.

"वहिनी, तुमचं काय चुकतं सांगू? तुम्ही निघताना रेवाला टाटा करता. टाटा केला की पोराला कळतं, कुणीतरी चाललंय. कळूच द्यायचं नाही. गुपचूप निघायचं."

मी ते करून बघितलं. नवऱ्यानं रेवाला गॅलरीत कावळा दाखवायचा आणि मी मागच्या मागे सटकायचं. खोटं कशाला बोलू, फरक पडला. आमच्याकडचं रडणं कमी झालं. मी ऑफिसात वेळेवर पोचू लागले आणि किशोरभाऊंना गुरुदक्षिणा म्हणून बांगडा तळून पाठवला. कोळ्याला बांगडा पाठवला म्हणून त्यांनी माझी वर्षभर चेष्टा केली.

शर्मिलाला मात्र ते सगळं मनातून पटलेलं नव्हतं. एकदा जुईच्या वाढदिवसाला तिनं निघता निघता पोरीला उठवलं, जवळ घेतलं, पापा घेतला. जुई जी गळ्याला बिलगली ती सोडेना. बस चुकली, रजा पडली. किशोरभाऊ चिडून दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. डोळे सुजलेले.

"जागेपणी एकदा तरी बघून निघावं असं वाटतं गं," ती म्हणाली. "पण त्याचंही खरं आहे. पोर रडतं मग."

त्यानंतर तिनं जुईला कधी उठवलं नाही.

तो पावसाळा सरता सरता आमच्या भागात घरोघरी ताप होता. उलव्याकडे, कळंबोलीत, सगळीकडे बांधकामांची डबकी. शर्मिलाला ताप आला तेव्हा तिनं दोन दिवस अंगावर काढला. नर्स माणूस, दुसऱ्याला झोपवेल पण स्वतः झोपणार नाही. मग अंगावर बारीक लाल ठिपके दिसले आणि तीच म्हणाली, मला ॲडमिट व्हायला हवं. पहाटेची वेळ होती. माझ्या दारावर किशोरभाऊंनी नखानं टकटक केलं, एवढ्यातसुद्धा नखानं. मी बाहेर आले. शर्मिला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अंगात सलवार-कमीज, खांद्यावर पर्स, रोज ड्युटीला निघते तशी.

"एकदा आत जाऊन बघून येते तिला," ती म्हणाली.

"झोपलीये ती," किशोरभाऊ हळू आवाजात म्हणाले. "उठली तर तुला सोडणार नाय. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. उशी लावलीस ना?"

"लावली."

तिनं माझं मनगट धरलं. हात कढत होता. "लक्ष ठेव," एवढंच म्हणाली. मग दोघं लिफ्टनं खाली गेली, आणि त्याही दिवशी किशोरभाऊंनी लिफ्टचा दरवाजा दोन्ही हातांनी धरून सावकाश लावला. मी त्यांच्या घरात जाऊन बसले. आतल्या खोलीत जुई उशीला मिठी मारून गाढ झोपली होती.

शर्मिला परत आली नाही. प्लेटलेट्स उतरत गेल्या, बाटल्या चढल्या, तिच्याच ओळखीच्या डॉक्टरांनी धावपळ केली, आणि एका दुपारी सगळं संपलं. चाळिशीही गाठली नव्हती तिनं.

इस्पितळातून तिला थेट करंज्याला नेलं. जुई माझ्याकडे होती, रेवाबरोबर भातुकली खेळत होती. संध्याकाळी किशोरभाऊ अंघोळ करून, ओल्या केसांनी माझ्या दारात आले. मी रडायला लागले तर त्यांनी पुन्हा ओठावर बोट ठेवलं. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि भीतीही वाटली.

"तिला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"अहो, पण किती दिवस?"

"वहिनी, ती उठते तेव्हा आई गेलेलीच असते. रोजच. मग आता तिच्यासाठी काय वेगळं आहे? संध्याकाळचं मी बघतो. डबल ड्युटी लागलीये म्हणून सांगतो. हळूहळू विसरेल."

आईवेगळ्या पोरीच्या बापाला त्या दिवशी काय सांगणार?

तिच्या नावाचा दिवा करंज्याला किशोरभाऊंच्या भावाच्या घरी लागला. भेटायला येणाऱ्यांनीही तिकडेच जायचं, रोडपालीला कुणी यायचं नाही, असं किशोरभाऊंनी सगळ्यांना बजावलं. फक्त त्यांची आई आली, जुईला सांभाळायला. तिला ते 'आय' म्हणायचे. काष्ट्याचं लुगडं नेसणारी, वाळलेली, कोरड्या डोळ्यांची म्हातारी. तिला मुलानं सांगितलं होतं, पोरीसमोर रडायचं नाही. तेव्हा ती रडायला माझ्या घरी यायची. मी त्यांच्यासाठी पिठलं-भात करत असताना ती ओट्याशी जमिनीवर बसायची, पदर तोंडावर घ्यायची, रडून झालं की तोंड धुऊन समोर जायची.

एकदा म्हणाली, "लानपनी हा असा नवता. लय रडका व्हता."

मग तिनं सांगितलं. किशोरभाऊंचे वडील होडीवर जायचे. त्यांच्यात दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, कुठे चाललास म्हणून विचारतही नाहीत. पोरं झोपेत असतानाच बाप निघणार, हा घरचा रिवाज. एकदा लहानगा किशोर जागा झाला आणि बापामागे धक्क्यापर्यंत ओरडत पळाला. बाबा, बाबा. होडीवरची सगळी माणसं उतरली. त्या दिवशी होडी गेली नाही. बापानं त्याला तिथेच सगळ्यांसमोर बडवला.

"तवापासून सकालचा हू का चू नाय केला पोरान," आय म्हणाली. "बापूस निघाला का डोले मिटून जागा रवाचा. मना दिसं."

डोळे मिटून जागा राहणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. किशोरभाऊंवरचा माझा राग तिथेच गेला.

त्या दिवसांत समोरच्या घरातली सकाळ पूर्वीसारखीच होती. बिनआवाजाची. किशोरभाऊंनी तो गाऊन तसाच ठेवला होता. दिवसा ती उशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड गच्च बांधून कपाटात ठेवायचे. वास उडू नये म्हणून. जुई झोपली की उशी बाहेर. पहाटे पोरीचा हात उचलून तिच्यावर टाकायचे, जसं शर्मिला करायची. जुई उठायची, दूध प्यायची, विचारायची, "आई आज तरी लवकर येणार?" ते म्हणायचे, "बघू. पेशंट खूप आहेत." आणि ती शाळेत जायची. मी दाराआडून हे ऐकायचे.

दहाव्याला किशोरभाऊ करंज्याला गेले. विधी खाडीकाठी होते. आय इकडेच राहिली, पोरीजवळ. आणि तिनं त्या दिवशी घरातल्या बाईनं करायचं ते केलं. सुतक फिटलं की घर धुवायचं, अंथरूण-पांघरूण, वापरातलं कापडन्‌कापड पाण्यातून काढायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं, त्यात विचारायचं कुणाला? जुई शाळेत गेल्यावर तिनं सगळं भिजवलं. चादरी, पडदे, टॉवेल. कपाट आवरताना तिला गच्च बांधलेली पिशवी सापडली आणि आत मेलेल्या सुनेचा न धुतलेला गाऊन. तिनं कपाळावर हात मारला असणार. सोडा घालून, साबण लावून, तिनं तो स्वच्छ धुतला आणि गॅलरीत वाळत घातला.

किशोरभाऊ संध्याकाळी परतले ते डोकं भादरून. जुई त्यांना बघून खदखदून हसली. "बाबा टकलू झाला." ते म्हणाले, "उकडत होतं ना, म्हणून." तिच्या हाताला धरून ते आत गेले. मी चहा घेऊन त्यांच्या मागोमाग गेले होते, म्हणून पुढचं मी बघितलं. गॅलरीतल्या दोरीवर गाऊन होता. त्यांनी तो ओढून काढला आणि त्यात तोंड खुपसलं.

"आय, हा कशाला धुतलास?"

"सुतक फिटला, पोरा. घरान तसा ठेवत नाय."

ते गाऊनची घडी घालत राहिले. घडी चुकली की उलगडायची, पुन्हा घालायची. आयला काहीतरी बिनसलंय हे कळलं, पण काय ते कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिला सांगवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी समोरच्या घरातून आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जुई किंचाळत होती. "ही आई नाहीये. ही नकोय मला." आख्खी इमारत जागी झाली. खालच्या-वरच्या माळ्यांवरची दारं उघडली. मी धावत गेले तर जुई पलंगाच्या कोपऱ्यात, आय तिला धरायला बघतेय आणि किशोरभाऊ कपाट उपसताहेत. साड्या, ओढण्या, स्वेटर, एकेक नाकाला लावून टाकून देताहेत. कशाला डांबराच्या गोळ्यांचा वास, कशाला साबणाचा.

मला बघताच ते माझ्यापाशी आले. त्यांचा आवाज फाटलेला होता. "वहिनी, तुमच्याकडे शर्मिलाचं काही आहे का? एखादं कापड. न धुतलेलं."

माझ्याकडे तिची ओढणी होती. एका लग्नाला म्हणून मी मागून नेली होती. पण दुसऱ्याची वस्तू परत द्यायची तर आपण धुऊन, इस्त्री करूनच देतो ना. तशीच करून ठेवली होती मी, घडी घालून, द्यायची राहून गेली होती. मी मान हलवली. नाही म्हणून. त्या एका ओढणीची मला आजही इतकी चीड येते की ती मी अजून वापरलेली नाही आणि कुणाला दिलेलीही नाही.

किशोरभाऊ वळले. जुईला उचलून ते बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर तिला मांडीवर घेऊन बसले. घरात कदाचित त्यांना ते बोलवेना. शेजारपाजारचे दारात उभे होते, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"जुई, आई आता येणार नाही," ते म्हणाले. कुजबुजले नाहीत, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "ती खूप आजारी होती. इस्पितळात गेली आणि तिथेच वारली. मी तुला सांगितलं नाही."

जुई हुंदके देत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. यातलं तिला किती कळलं, देव जाणे. चार वर्षांच्या पोरीला मरण काय कळणार? पण तिला जे कळायचं होतं ते नेमकं कळलं.

"मी झोपले होते तेव्हा गेली?"

"हो."

"मग मला का नाही उठवलं?"

मग तो धिप्पाड माणूस तिथे, त्या पायरीवर, सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं रडला. "चुकलं माझं, बाळा. तुझ्या आईला बघायचं होतं तुला. मी नको म्हटलं." हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आय चौकटीत बसून ऊर बडवत होती. आता तिला कुणी गप्प केलं नाही. शर्मिलाचं खरं सुतक आमच्या जिन्यात त्या सकाळी झालं, असं मला वाटतं.

त्यानंतर त्या घरातली सकाळ गेली ती गेलीच. जुई झोपेनाशी झाली. बापाच्या शर्टाचं टोक मुठीत धरून पडायची, डोळे मिटले की दचकून उघडायची. ते बाथरूमला गेले तरी दाराबाहेर उभी. कामावर निघताना तर आकांत. आमच्या इमारतीत सगळ्यांत मोठा आवाज आता त्यांच्याकडचा होता आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले की खाली मान घालून जायचे. घंटागाडीच्या ड्रायव्हरनंही कुणी न सांगता आमच्या गल्लीतलं गाणं बंदच ठेवलं. किशोरभाऊंनी बरीच रजा काढली, मग बिनपगारी काढली. मीही रेवापासून सटकून जायचं सोडून दिलं. ती पहिले काही दिवस रडली. रडू दिलं.

मी त्यांना एकदा म्हटलं, काही दिवस पोरीला करंज्याला आयजवळ ठेवा, पोरांमध्ये रमेल. ते म्हणाले, "तिथे सगळे समजूतदार आहेत, वहिनी. कुणी तिला रडू देणार नाय." त्यांचं ते खणखणीत हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. केस पुन्हा वाढले ते पांढरे वाढले.

वर्ष सरायच्या आत त्यांनी ती जागा सोडली. उलव्याकडे एका यार्डात दिवसपाळीचं काम मिळालं होतं, तिथेच भाड्यानं घर घेतलं. सामानाचा टेम्पो आला तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी आले तर समोर कुलूप.

मध्यंतरी आमच्या बँकेनं मला काही दिवस उलव्याच्या शाखेत पाठवलं. तिथे अजून सगळं नवंच. अर्ध्या इमारतींत माणसं, अर्ध्यांत सळया. सकाळी रिक्षातून उतरून चालले होते, तर एका शाळेच्या फाटकापाशी मला किशोरभाऊ दिसले. वाळले होते. फाटकाच्या आत जुई, उंच झालेली, दोन वेण्या, गजांना धरून रडत होती. तिच्या आजूबाजूची आईबापं मुलांना आत सोडून, टीचरनं त्यांना चेंडू दाखवला की पटकन पाठ फिरवून निघून जात होती. सगळ्यांना कुठेतरी पोचायचं होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले.

"तुम्ही निघा ना लवकर," टीचर त्यांना सांगत होती. "पालक समोर दिसले की मुलं जास्त रडतात. तुम्ही गेलात की ती गप्प होईल."

"रडू दे तिला," किशोरभाऊ म्हणाले. "मी जाताना दिसलो पाहिजे."

मग ते जुईसमोर खाली बसले, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मी आता निघतो. बघ माझ्याकडे." उठले, आणि तिच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे मागे चालू लागले. एक हात वर धरलेला. मागून डंपर येत होते, हॉर्न वाजवत होते. कुणीतरी त्यांना सांभाळून म्हणून ओरडलं. ते थबकायचे, डंपर गेला की त्या धुळीतून पुन्हा हात वर. रस्ता वळला तिथपर्यंत ते तसेच गेले. जुई गजाला गाल टेकवून रडत होती, पण बघत होती.